घरोघरीचे जुने कागद आणि वाशीमचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आम्हांस चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. आमचा छंद ज्ञातिबांधवांस ठाऊक आहेच. शाळेची नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी, आणि सेवानिवृत्तीनंतर तर बारा महिने, जुनी देवळे, बारवा, वीरगळ, ओट्यावर पडलेल्या शिळा आणि लोकांच्या घरचे मोडी कागद पाहत हिंडणे हा तो छंद होय. खांद्याच्या पिशवीत एक वही, एक मोजपट्टी व पाण्याची बाटली असली म्हणजे आमची स्वारी निघते. घरची मंडळी यास 'वेड' म्हणतात, व त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असेही नाही. मात्र या वेडाने समाजाला काही द्यावयाचे असेल, तर त्याला काही नियमही पाळावे लागतात. तो नियम एकदा आमच्या हातून मोडला. त्याची कबुली देणे हा या लेखाचा एक हेतू आहे. परंतु त्याआधी वाशीमच्या इतिहासाची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. कारण घरात पडलेल्या एका वस्तूने इतिहास कसा उजळतो, याचे उत्तम उदाहरण आपल्याच गावी घडलेले आहे.

वत्सगुल्म ते वाशीम

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींनी येथे तप केले, त्यांच्यासाठी देव येथे गोळा झाले, पद्मतीर्थ हे साक्षात श्रीविष्णूंनी निर्माण केले, अशा कथा आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकल्या. या कथांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु कथा निराळी आणि पुरावा निराळा. पुरावा पाहू गेल्यास, दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखर कवीने आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाला असे वर्णिले आहे. म्हणजे काव्याचे लग्न ज्या गावी लागले ते गाव आपले! प्राकृतात वत्सगुल्माचे 'वच्छोम' झाले, तेथील भाषारीतीस 'वच्छोमी' म्हणू लागले, आणि लोकांच्या जिभेवर घोळत घोळत त्याचे आजचे वाशीम झाले.

गावाची थोरवी अशी ग्रंथांतून दिसत होती. तथापि येथे राज्य कोणी केले, हे शंभर वर्षांपूर्वी विद्वानांसही नीट ठाऊक नव्हते. वाकाटक घराणे विदर्भात नांदले हे ठाऊक होते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण वाकाटकाचा मंत्री वराहदेव याने कोरविलेला लेख आहे, तोही वाचलेला होता. परंतु त्या लेखातील पुष्कळ अक्षरे पाण्याने झिजून गेलेली. त्यामुळे राजांची नावे लावण्यात चूक झाली आणि एक मोठा राजा, सर्वसेन, वाचनातून निसटलाच.

मग १९३९ साली आपल्या वाशीम गावी चार ताम्रपट हाती आले. ते कोणा राजवाड्याच्या पायात सापडले नाहीत, की सरकारी उत्खननात निघाले नाहीत. एका शास्त्रीबुवांच्या घरी ते होते. यवतमाळचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे व डॉ. महाजन यांनी ते त्याच वर्षी इतिहास परिषदेपुढे मांडले, आणि पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी डॉ. महाजनांसह त्यांचे सविस्तर संपादन केले. ताम्रपट वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षाचे असून ते वत्सगुल्म येथूनच दिलेले आहेत. नांदीकड, म्हणजे आजचे नांदेड, याच्या उत्तर मार्गावरील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांस दान दिल्याचा तो लेख आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, अशी त्याची दुहेरी भाषा आहे. व्यवहाराची गोष्ट लोकांस समजेल अशा भाषेत लिहावी, ही जाण सोळाशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांस होती, हे पाहून आम्हां शिक्षकमंडळींस विशेष कौतुक वाटते.

त्या चार पत्र्यांनी काय केले? त्यांत सर्वसेनाचे नाव स्पष्ट होते. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन, त्याचा पुत्र हा विंध्यशक्ती, आणि त्यांची राजधानी वत्सगुल्म, असा वंश लागला. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वाशीम येथे राज्य करीत होती हे सिद्ध झाले. मग मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासून १९४१ साली त्याचे नवे वाचन प्रसिद्ध केले, आणि ज्या राजांच्या काळात अजिंठ्याची ती भव्य लेणी उभी राहिली ते राजे आपल्या वाशीमचे, हे जगास कळले. सर्वसेन हा स्वतः 'हरिविजय' नावाच्या प्राकृत काव्याचा कर्ता होता. पुढे वाशीमजवळच्याच हिस्से बोराळा येथे देवसेन राजाच्या वेळचा शिलालेख मिळाला. राजाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने 'सुदर्शन' नावाचे तळे बांधल्याचे त्यात सांगितले असून शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८, हे वर्ष दिले आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ते चार पत्रे त्या घरी कोणी तांबट-कासाराला मोडीत घातले असते, तर त्यांचे एखादे तपेले झाले असते, आणि आपल्या गावची राजावळ कायमची वितळून गेली असती.

छंदिष्टांची परंपरा

वऱ्हाडचा इतिहास बहुतांशी आमच्यासारख्या छंदिष्टांनीच गोळा केला आहे. त्यांच्या पायाशी बसण्याची आमची योग्यता नाही, पण जात एकच, छंदिष्टांची! वर उल्लेखिलेले डॉ. देशपांडे हे पेशाने वकील. कोर्टाचे काम आटोपून ते महानुभावांच्या पोथ्या शोधीत. त्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या व मठांत जपून ठेवलेल्या. महंतांचा विश्वास संपादन केल्यावाचून पोथीचे दर्शनही दुर्लभ. त्या खटपटीतून १९२५ साली त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ सिद्ध झाला. बुलढाण्याचे यादव माधव काळे हेही वकीलच. त्यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला. देशावर पाहिले तर मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळामास्तर. संस्कृत शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी पटवर्धन घराण्याचे दप्तर चाळले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंडामागून खंड प्रसिद्ध केले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तर गावोगाव वणवण करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. माळ्यावरच्या कागदांना वाळवीच्या आधी गाठावे, ही त्यांची तळमळ होती.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील कारंज्याचे. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, आणि शिवछत्रपतींनी १६७० साली जी धनाढ्य पेठ लुटली ती पेठ म्हणून कारंजे सर्वांस माहीत आहे. परंतु तेथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपलेली होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची छापली, तीत हे भांडार अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्यावर परिश्रम घेतले, आणि कारंज्याच्या चवरे कुटुंबाच्या देणगीतून निघालेल्या ग्रंथमालेत पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' १९३१ साली व 'णायकुमारचरिउ' १९३३ साली प्रसिद्ध झाले. दहाव्या शतकातील अपभ्रंश भाषेचे हे ग्रंथ. मराठी, हिंदी, गुजराती या भाषा कशा घडल्या हे समजण्यास त्यांचा केवढा उपयोग! एका व्यापारी समाजाने वेष्टनात बांधून, दरवर्षी ऊन दाखवून ग्रंथ राखले, आणि त्याच समाजातील एका घराने ते छापण्यास पैसा दिला. आपल्या ज्ञातीने यापासून धडा घेण्यासारखा आहे.

आमच्या हातून झालेली चूक

आता कबुलीची गोष्ट. आपल्या तालुक्यातील एका खेड्यात समाजाचे जुने विठ्ठल मंदिर आहे. बारा वर्षांपूर्वी तेथील एका ज्ञातिबांधवांनी धाब्याचे घर पाडून नवे बांधावयास घेतले, तेव्हा माळ्यावरून एक रुमाल निघाला. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागद. निम्मे कागद गवंड्याच्या पोराने आदल्या दिवशी चुलीत घातले होते. उरलेले आमच्या स्वाधीन झाले. त्यांत मंदिराच्या दिवाबत्तीसाठी व उत्सवासाठी शेत लावून दिल्याचा एक मोडी कागद होता. मोडी आम्ही वयाच्या चाळिशीनंतर एका वृद्ध पटवाऱ्यांजवळ शिकलो. त्यामुळे वाचन जेमतेम. कागदावर 'सन १२५०' असे स्पष्ट होते. पुढची दोन-तीन अक्षरे वाळवीने खाल्लेली. आम्ही १२५० हा शक समजलो, त्यात ७८ मिळविले, आणि इ. स. १३२८ असे वर्ष काढले.

आनंदाच्या भरात आम्ही ते याच स्मरणिकेत छापले. 'सातशे वर्षांचे समाजमंदिर' असा मथळा होता. समाजास साहजिकच अभिमान वाटला. वर्गणी जमली, जीर्णोद्धार झाला, आणि सभामंडपात संगमरवरी शिळा बसली. तीवर १३२८ हे साल सोनेरी अक्षरांत कोरले. शिळेच्या अनावरणास आम्हांस शाल व नारळ मिळाला, तो आम्ही घेतला.

त्यानंतर सहा-सात वर्षे लोटली. आमच्या धाकट्या भावाची नात शाळेतून आली असता आम्ही तिला मोडी शिकविण्यासाठी तोच कागद पुढे ठेवला. उत्सवाच्या शिध्याची यादी ती अक्षर अक्षर लावून वाचीत होती: ज्वारी, तुरीची डाळ, गूळ, तेल, मीठ, लाल मिरची. तेथे ती थांबली व म्हणाली, "आबाजी, मिरची तर पोर्तुगीजांनी आणली असं आमच्या पुस्तकात आहे. मग तेराशे अठ्ठावीसमध्ये ती आपल्या देवळात कशी आली?"

आम्ही निरुत्तर झालो. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. तिच्या आधी आपल्या लोकांचे तिखट म्हणजे मिरे, पिंपळी व आले. आणि कागदात तर 'मिरची लाल, चार शेर' असे स्वच्छ लिहिलेले! छत्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविणाऱ्या गुरुजींच्या जे ध्यानी आले नाही, ते सातवीतल्या मुलीने एका यादीवरून ओळखले.

मग आम्ही रुमालातील उरलेले कागद पुन्हा एकवार पाहिले. त्याच हातचे, त्याच वळणाचे दोन कागद निघाले. एकावर 'सन १२४८ फसली' असे शब्द शाबूत होते. कोडे उलगडले. वऱ्हाड १८५३ साली कंपनी सरकारच्या हाती जाईपर्यंत निजामाच्या राज्यात मोडत असे, आणि महसुली कागदांत फसली सन चाले. फसली सनात सुमारे ५९० मिळविले की इसवी सन येतो. तेव्हा १२५० फसली म्हणजे इ. स. १८४०. आमची चूक ५१२ वर्षांची! ज्या मंदिरास आम्ही यादवांच्या पडत्या काळाच्या लगतचे ठरविले, त्याचा कागद आमच्या खापरपणजोबांच्या काळचा निघाला.

हे आम्ही कार्यकारी मंडळापुढे मांडले. कोणी रागावले नाही, पण कोणास आनंदही झाला नाही. एक वडीलधारे सद्गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, शिळा बसली आहे, लोक समाधानी आहेत. आता राहू द्या. कोणाचे काय बिघडते?" त्यांचे म्हणणे सद्भावनेचे होते व आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो. परंतु त्या रात्रीपासून ती सोनेरी अक्षरे आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

कोणाचे काय बिघडते?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही शोधिले ते असे. उद्या एखादा अभ्यासक त्या शिळेवर विसंबून पुस्तक लिहील. त्यावरून दुसरा लिहील. आणि मिरचीचा प्रश्न विचारणारा कोणी निघाला, की आपला खरा कागदही लोक खोटा मानतील. खोट्या सालाने खऱ्या दानाची पत जाते. हे एक.

दुसरे याहून महत्त्वाचे. १८४० चा तो कागद काय सांगतो? निजामाचा अंमल, त्या आधी किती वर्षे भोसले व निजाम यांचा दुहेरी अंमल आणि दोहींकडून होणारी वसुली, असा तो काळ. रयत गांजलेली. अशा दिवसांत आपल्या ज्ञातीच्या पाच साध्या कुटुंबांनी आपापल्या शेतातील पट्टी काढून देवाच्या दिव्यासाठी लावून दिली. उत्सवाला येणाऱ्या प्रत्येकास जेवू घालावे, 'कोणी आला तरी', अशी अट त्यांनी कागदात लिहविली. राजा नाही, सनद नाही, मोठे नाव नाही. ही गोष्ट सातशे वर्षांच्या पोकळ प्राचीनतेपेक्षा कमी अभिमानाची आहे काय? आम्ही मथळ्याच्या नादी लागलो आणि त्या पाच घरांची नावे छापावयाची विसरलो. खरी चूक ती.

ज्ञातीज्ञातींच्या स्मरणिकांतून आपले मूळ पुरुष राजे-महाराजे होते असे सिद्ध करण्याची हौस दिसते. ती हौस आपल्याही अंकांत कधीकधी डोकावते. आमच्या अल्पमतीप्रमाणे, पूर्वज मोठे ठरविण्यापेक्षा ते खरे कसे जगले हे जाणणे हीच त्यांची पूजा होय. मिराशींसारख्या प्रकांड पंडिताने अजिंठ्याचे आधीचे वाचन नव्या पुराव्याने दुरुस्त केले. जुन्या वाचनाची शिळा बसली आहे म्हणून ते थांबले नाहीत.

ज्ञातिबांधवांस विनंती

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. दिवाळीच्या साफसफाईत किंवा घर पाडताना जुने कागद, पोथ्या, तांब्याचे पत्रे, वंशावळीच्या वह्या निघाल्या, तर त्या रद्दीत वा भंगारात घालू नका. आधी त्यांची छायाचित्रे घ्या. आता प्रत्येक घरात मोबाईल आहे, त्यास खर्च नाही. कागद जेथे व ज्या क्रमाने सापडले ते लिहून ठेवा, कारण आम्हांस खरे साल शेजारच्या कागदानेच सांगितले. त्यांस चिकटपट्टी लावू नका, ऊन-पाण्यापासून राखा, आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून स्वच्छ सुती कापडात बांधा. शिळेवरील लेखास शेंदूर, तेल वा ऑइलपेंट फासू नका. मूळ कागद कोणी मागितला तर देऊ नका, नक्कल द्या.

कागद वाचताना सनाची खात्री करा. शक असल्यास ७८, फसली असल्यास सुमारे ५९०, आणि पेशवाई कागदांत येणारा शुहूर सन असल्यास ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. सनाचे नाव फाटले असेल तर अंदाज छापू नये. कागदातील वस्तू, नाणी, अधिकाऱ्यांची नावे यांजकडून उत्तर येईतो थांबावे. घरातील वृद्ध आजी-आजोबांजवळ बसून लग्नसंबंधांची, दुष्काळांची, सोडलेल्या गावांची माहिती वहीत उतरून घ्यावी आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख खाली लिहावी. आमची वही कोणाही ज्ञातिबांधवास आमच्या घरी बसून पाहण्यास खुली आहे. तीत चुका असतील, त्या दाखवाव्या. आम्ही तांबड्या शाईने दुरुस्त करू, खोडणार मात्र नाही, म्हणजे पुढच्यास आमची चूकही कळेल.

शेवटी एक सूचना. मंदिरातील ती शिळा बदलावी. नव्या शिळेवर इ. स. १८४० हे साल आणि शेत देणाऱ्या त्या पाच घरांची नावे असावी. तिचा सारा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. चूक आमची असल्याने वर्गणी मागण्याचा आम्हांस अधिकार नाही. वार्षिक सभेपुढे हा ठराव आम्ही स्वतः मांडणार आहोत, आणि त्या वेळी तो कागद वाचून दाखविण्यास आमच्या भावाची नात उभी राहील. ज्ञातिबांधवांनी उपस्थित राहून तो ऐकावा, एवढीच प्रार्थना.